चाकांवरच्या बंगल्याची उचल

जनरेटर केवढा घ्यावा, हे मला आजवर शेकडो लोकांनी विचारलं असेल. लग्नवाल्यांनी, जत्रेच्या पंचांनी, पिठाच्या गिरणीवाल्यांनी. मी प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न विचारतो, "तुमच्याकडं सगळ्यात जास्त उचल कोण घेतं?" बहुतेकांना वाटतं मी त्यांच्या गड्यांबद्दल विचारतोय. एकदा एक पंच रागावलेही होते. समजावून सांगितलं की पटतं. पण हा प्रश्न मला ज्या माणसामुळं सुचला, त्याला मला काही शिकवायचं नव्हतं. त्यानं मला चारचौघांत खाली पाडलं होतं.

मी भाजे गावचा. मळवली स्टेशनवर उतरून शेतांच्या कडेनं चालत गेलं की आमचं घर. घर म्हणजे एक खोली. वयाच्या चौदाव्या वर्षी मी लोणावळ्याच्या एका बत्तीवाल्याकडं लागलो. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचं, हे काम. बत्तीची धग टाळूला लागते आणि वरात जिथं थांबेल तिथं आपणही थांबायचं. आठ वर्षं मी ते केलं. मग स्वतःच्या दोन बत्त्या घेतल्या, मग चार, मग एक लाऊडस्पीकर, आणि शेवटी बाजारपेठेत एक गाळा आणि एक जनरेटर.

तो पहिला जनरेटर घेताना मी फसलो, हे सांगून टाकतो. आमच्या मावळात इंजिन घोड्यांवर मोजतात. विहिरीवरचं तीन घोड्यांचं, गिरणीचं दहा घोड्यांचं. विकणारा म्हणाला, "पाच घोड्यांचं आहे." मी मनात हिशेब केला, एका घोड्याला दहा दिवे, म्हणजे पन्नास दिवे. घरी आणून शंभरच्या बल्बांची माळ लावली, तर तिसाव्या बल्बाला मशीन धापा टाकायला लागलं. घोडे इंजिनाचे असतात, दिव्यांपर्यंत पोचेस्तोवर त्यातले काही वाटेतच राहतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी घोडे मोजायचे सोडले आणि दिवे मोजायला लागलो. शंभरचा बल्ब म्हणजे एक दिवा. माझं मशीन तीस दिव्यांचं. हा हिशेब मला शाळेत न जाता कळत होता आणि तो कधी चुकला नाही. एकदाच चुकला.

तुंगार्लीच्या बाजूला एका नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. गावची वीज तेव्हा भरवशाची नव्हती, म्हणून मला बोलावलं. बंगल्याचं वायरिंग एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनं केलं होतं. पुण्याचा शिकलेला माणूस, लायसनवाला, खिशाला दोन पेनं. त्यानं मला सांगितलं, "पंचवीस दिवे." मी पंचवीस दिवे लावले आणि मशीन मस्त गुणगुणत होतं. दिवेलागणीला मुख्य पाहुण्यांची मोटार फाटकातून आत आली आणि त्याच क्षणी सगळा बंगला काळोखात गेला. मशीन गुदमरून बंद पडलं होतं.

काळोखात त्या कॉन्ट्रॅक्टरचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बत्तीवाल्याच्या हातात जनरेटर दिला की असंच व्हायचं. याला बत्तीच डोक्यावर घेऊन उभा करायला हवा होता." लोक हसले. बायकासुद्धा हसल्या.

खरं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी माळ्याकडून कळलं. अंगणात कारंजं होतं. पाहुणे आत येताना ते उडवायचं, असं त्या कॉन्ट्रॅक्टरनं ठरवलं होतं. कारंज्याला पाण्याचा पंप होता. माळ्याला त्यानंच खूण केली, माळ्यानं खटका दाबला. मला कारंज्याबद्दल एका शब्दानं कुणी बोललं नव्हतं. मी त्याच्या घरी जाऊन हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, अर्ध्या घोड्याचा पंप. पाच दिव्यांएवढा. तुझं मशीन तीसचं ना? मग बंद का पडलं?" मी त्याच्या दारातून परत आलो.

पुढं तीन वर्षं लोणावळ्यातल्या एकाही बंगल्यानं मला बोलावलं नाही. गावची लग्नं होती, जत्रा होत्या, पोट चालत होतं. पण बंगल्यांची कामं मुंबईच्या लोकांची, भाव न करता पैसे देणारी, ती सगळी गेली. पैशाचं एक वेळ सोडून देऊ. मला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसानं त्याच्याच तोंडानं, चार लोकांत म्हणायला हवं होतं, की त्या दिवशी दोष मशीनचा नव्हता.

पाच आणि पंचवीस मिळून तीस होतात. मग मशीन का पडलं? हे मी पुस्तकातून नाही, गाळ्यात बसून शोधलं. एका ओळखीच्या शेतकऱ्याचा अर्ध्या घोड्याचा पंप उसना आणला. मशीनवर तीस दिवे लावायचे, मग एकेक काढत जायचं आणि दर वेळी पंप सुरू करून पाहायचा. पाच दिवे काढले, पंप सुरू होईना. दहा काढले, मशीन धापा टाकून बंद. पंधरा काढले तेव्हा पंप गरगरला. आणि एकदा गरगरला की मी पुन्हा दहा दिवे लावू शकत होतो. म्हणजे चालताना पंप पाच दिव्यांचं खातो, पण सुरू होताना पंधरा दिवे गिळतो. एका श्वासापुरते. तो श्वास मिळाला नाही तर सगळंच मरतं.

मला माझा बाप आठवला. तो वीटभट्टीवर कामाला जायचा तेव्हा आधी मालकाकडून उचल घ्यायचा. उचल हातात आल्याशिवाय घरातून पाय निघायचा नाही. मग सगळा हंगाम तो थोडक्या पैशांवर काम करायचा. मोटरचं तसंच. मी त्याला उचल म्हणायला लागलो. पुढं मला कळलं की शिकलेल्या लोकांकडं त्याला इंग्रजीत काहीतरी शब्द आहे. असेल. माझा शब्द बरा आहे.

हे कळल्यावर मी दोन दिवस रागानं जेवलो नाही. कारण त्या माणसाला हे माहीत असणारच. पुण्याला जाऊन कशाला शिकला होता?

पवनेवर धरणाचं काम चाललं होतं त्या वर्षांतली पुढची गोष्ट. मुंबईचे एक शेठ होते, लोणावळ्यात त्यांचा जुना बंगला. शेठाणीचं कंबरेचं हाड मोडलं होतं. बाहेरगावी गेलं तर डाकबंगल्याच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत आणि बंगल्यात बसून त्या कंटाळल्या होत्या. तेव्हा शेठनी एक जुनी प्रवासी बस विकत घेतली आणि तिच्या आत घरच बसवलं. दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, ती भरायला पंप, न्हाणी, फ्रिज, खिडक्यांना पडदे. मागच्या दाराला पायऱ्यांच्या जागी उताराची फळी. बाजारात लोक तिला चाकांचा बंगला म्हणायचे. ती रस्त्यातून गेली की हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन बाहेर यायची.

तिला वीज कुठून द्यायची, हे राहिलं होतं. शेठनी अर्थातच त्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्यानं बसमधल्या प्रत्येक वस्तूवर ठोकलेला विजेच्या आकड्यांचा पत्रा वाचला, सगळे आकडे लिहिले, बेरीज केली, वर खबरदारी म्हणून ती कितीतरी पट वाढवली आणि सांगितलं की पंचाहत्तर दिव्यांचं डिझेल मशीन लागेल. ते बसमध्ये बसणार नाही, मागं वेगळा ट्रेलर ओढावा लागेल. मशीन तोच आणून देणार होता.

शेठचा ड्रायव्हर माझ्या गाळ्यासमोर चहा प्यायचा. त्याच्याकडून मला हे कळलं. मी त्याच्याबरोबरच उठलो आणि बंगल्यावर गेलो.

"कोण तुम्ही?" शेठनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हां, तेच का, वास्तुशांतीला अंधार केलेले?"

माझी कानशिलं तापली. पण मी दात आवळून म्हणालो, "शेठ, ट्रेलर लावून तुम्ही जाणार कुठं? मळवलीचं फाटक ओलांडलं की भाज्याकडं जाणारा रस्ता एका बैलगाडीचा आहे. समोरून गाडी आली तर बस मागं घ्यावी लागते. ट्रेलर लावलेली बस मागं घेता येते का तुमच्या ड्रायव्हरला?"

ड्रायव्हर मागून म्हणाला, "नाही जमणार, शेठ."

"आणि पंचाहत्तर दिव्यांच्या मशीनवर तुम्ही दहा दिवे चालवले, तर ते नुसतं धूर ओकत बसेल. धडधड एवढी होईल की बाईंना गावातली निजलेली पोरं उठून पळताना दिसतील."

पडद्यामागून शेठाणी हसल्या. "त्यांना आत येऊ द्या," त्या म्हणाल्या.

मी वस्तूंवरचे पत्रे वाचले नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर बसलो आणि शेठाणींना विचारलं, "बाई, सकाळी उठल्यावर तुम्ही पहिलं काय लावता?"

"पंखा तर रात्रभर चालू असतो. उठल्यावर दिवा."

"मग?"

"मग टाकीत पाणी चढवायला पंप. फ्रिज तर चालूच."

"पंप किती वेळ?"

"वीस मिनिटं असेल."

मी मनात मांडत गेलो. फ्रिज चालताना दोन दिवे, उचल आठ. पंखे दोन मिळून एक दिवा. बसमधले छोटे बल्ब सगळे मिळून अडीच. पंप चालताना पाच, उचल पंधरा. फ्रिज, पंखे, बल्ब चालू असताना पंप लावला तर साडेवीस. माझ्याकडं मिलिटरीच्या लिलावातून आणलेलं एक पेट्रोल मशीन होतं, पंचवीस दिव्यांचं. बसच्या मागच्या फळीवर दोन माणसं उचलून ठेवतील एवढं. ते याला बरोबर बसत होतं, जणू शिंप्यानं माप घेतलं होतं. मी तसं बोलणार, तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मावशींनी मान वर केली. भाज्याच्या वरच्या वाडीतल्या त्या. मला लहानपणापासून ओळखत.

"आवं भाऊ, आन् इस्तरी कुटं धरली तुमी?"

"कुठली इस्त्री?"

"शेटला रोज कडक धोतार लागतंय. पाण्याचा पंप लावला का बाई इस्तरीला बसत्यात. रोज. त्या पँटवाल्या सायबानं बी इचारली न्हाई. त्येनं फकस्त पत्रं वाचलं."

मी मावशींच्या पाया पडायला हवं होतं. इस्त्री म्हणजे साडेसात दिवे. पंप लावताना इस्त्री चालू असेल तर अठ्ठावीस. माझं मशीन पंचवीसचं. मावशी बोलल्या नसत्या तर मी दुसऱ्यांदा, त्याच माणसासमोर, त्याच तऱ्हेनं आडवा झालो असतो.

मी पुन्हा पहिल्यापासून बेरीज केली. मग शेठाणींना विचारलं, "बाई, पाणी चढवून झाल्यावर इस्त्री केली तर चालेल?"

"न चालायला काय झालं? पंप लागला की पाणी पडल्याचा आवाज येतो, तेव्हा बसते इतकंच."

"मग मी असं करून देतो की तुम्ही विसरलात तरी चूक होणार नाही."

बसमध्ये मी दोन तोंडांचा खटका बसवला. मोठा, लाकडी मुठीचा. मूठ वर केली की पंपाला वीज, खाली केली की इस्त्रीच्या प्लगला. दोन्हीकडं एकदम जाणं शक्यच नाही. खटका मुंबईच्या एका गिरणीतून सुटलेल्या सामानातला होता आणि त्याला मी घासूनपुसून नव्यासारखं केलं होतं.

शेठशी भाव ठरायला दोन दिवस गेले. शेठ मुंबईच्या बाजारात बसणारे. मी लोणावळ्याच्या बाजारात उभा राहणारा. ते म्हणाले, "शंभर कमी करा." मी म्हणालो, "एक पैसा नाही." ते म्हणाले, "पंचवीस दिव्यांच्या जुन्या मशीनला एवढे?" मी म्हणालो, "ते पंचाहत्तरवालं घ्या, वर ट्रेलरसाठी रस्ता रुंद करून घ्या." शेवटी त्यांनी अट घातली. आधी भाज्याच्या लेण्यांखालच्या माळावर एक दुपार काढायची. सगळं व्यवस्थित चाललं तर माझा भाव. एकदाही मशीन बंद पडलं तर मशीन परत आणि कॉन्ट्रॅक्टरचं पंचाहत्तरवालं येणार.

"आणि त्यांनाही बोलावतो," शेठ म्हणाले. "तुम्हाला हरकत?"

"मीच म्हणणार होतो," मी म्हणालो.

रविवारी आम्ही निघालो. मळवलीचं फाटक बंद होतं, गाडी जाईपर्यंत थांबलो, आणि मग बस त्या अरुंद रस्त्याला लागली. समोरून गवताची एक बैलगाडी आली. ड्रायव्हरनं बस शंभर पावलं मागं घेतली, आरामात. कॉन्ट्रॅक्टर आपल्या मोटारीतून मागून येत होता, त्यालाही मागं जावं लागलं. बैलगाडीवाला खाली उतरून बसकडं पाहत म्हणाला, "कुटं लगीन हाय जनू."

माळावर पोचल्यावर शेठाणी फळीवरून हळूहळू खाली आल्या, खुर्चीवर बसल्या आणि वर लेण्यांकडं पाहत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "चार वर्षांनी मी छताशिवाय बसले." गावातली वीस-पंचवीस माणसं येऊन उभी राहिली होती. त्यातली निम्मी माझ्या नात्यातली किंवा ओळखीची. माझे थोरले चुलते काठी टेकून पुढंच होते.

पंपाचा पाइप जवळच्या विहिरीत सोडून मी मशीन लावलं. फ्रिज चालू, पंखे चालू. दिवसा दिवे कशाला, पण मी सगळे बल्ब लावले. खटक्याची मूठ वर केली. मशीननं एक मोठा श्वास घेतला, बल्ब पिवळे झाले, पुन्हा पांढरे झाले, आणि पाइपातून टाकीत पाणी पडायला लागलं. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं पाणी काढणं हाच खेळ आहे.

कॉन्ट्रॅक्टरनं पेनानं खटक्याकडं बोट केलं. "इस्त्री आणि पंप एकदम लावून दाखव."

"लागतच नाहीत एकदम. तसंच केलंय."

"म्हणजे लबाडी. मशीन कमी पडतंय म्हणून मालकिणीचे हात बांधलेस."

शेठाणी खुर्चीवरून म्हणाल्या, "साहेब, मला हात दोनच आहेत. पंप मी कानानं ऐकते, इस्त्री हातानं करते. एका वेळी एकच केलं तर माझं काय बिघडलं?"

लोक हसले. त्याला ते लागलं. तो बसमध्ये चढला, फ्रिजचा प्लग खेचून काढला आणि म्हणाला, "पण फ्रिजच्या हाताला कुणी बांधलंय? तो स्वतःहून सुरू होतो. नेमका पंपाबरोबरच सुरू झाला तर?" आणि प्लग पुन्हा लावायला वाकला.

मी खटक्याची मूठ मधे ओढून पंप बंद केला आणि त्याचं मनगट धरलं. "हात काढ! हात काढ म्हणतो!"

शेठ ओरडले, "अहो, काय चाललंय?"

मी त्याला अरे-तुरे केलं होतं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आवाज गावभर गेला असणार. "शेठ, फ्रिज बंद करून लगेच लावला तर कुठल्याही विजेवर तो अडकून बसतो. गावच्या विजेवरही. पाच मिनिटं थांबावं लागतं. यांना हे माहीत आहे. माहीत असून करतायत."

कॉन्ट्रॅक्टर मनगट चोळत उभा राहिला.

"पाच मिनिटांनी," मी म्हणालो, "फ्रिज आणि पंप दोन्ही मी स्वतः एकदम लावतो. बघा मग."

तोंडातून गेलं आणि मग मी आकडे मांडले. फ्रिजची उचल आठ, पंपाची पंधरा, पंखे आणि बल्ब साडेतीन. साडेसव्वीस. मशीन पंचवीसचं. मी गाळ्यात हे तीनदा करून पाहिलं होतं. दोनदा मशीननं उचललं होतं, एकदा नाही. कुणी मागितलं नव्हतं ते मी रागाच्या भरात कबूल केलं होतं.

पाच मिनिटं फार मोठी असतात. शेठ घड्याळाकडं पाहत होते. चुलते मला म्हणाले, "लेका, तोंड आवरत जा." मी मशीनपाशी जाऊन उगीच पेट्रोल पाहिलं. मशीन तेव्हा रिकामंच पुटपुटत होतं, पंखे-बल्बांपुरतं. आणि तिथं उभं राहून मला कळलं की गाळ्यात ते एकदा का पडलं होतं. त्या वेळीही ते असंच रिकामं पुटपुटत होतं. झोपलेल्या माणसाच्या पाठीवर पोतं टाकल्यासारखं. ज्या दोन वेळा उचललं, तेव्हा त्याच्यावर आधीपासून दहा-बारा दिवे होते, ते मी ऐन त्याच क्षणी काढले होते. ते जागं होतं.

मी बसकडं गेलो. "बाई, पाच मिनिटं फुकट का घालवायची? शेठच्या धोतराला इस्त्री करून घ्या."

शेठाणींनी माझ्याकडं पाहिलं. काय समजलं ते त्याच जाणोत, पण त्या उठल्या. मावशींनी त्यांना हात दिला, दोघी वर चढल्या. मूठ खाली केली. इस्त्री तापली, मशीनचा आवाज भरला, जड झाला. मावशींनी पाणी शिंपडलं आणि शेठाणींनी धोतराची पहिली घडी मारली. मशीन आता साडेसात दिव्यांवर अन् पंखे-बल्बांवर छान ओढत होतं.

"झाली पाच मिनिटं," शेठ म्हणाले.

"बाई, इस्त्री उभी करा." मी डाव्या हातात फ्रिजचा प्लग धरला, उजव्या हातात खटक्याची मूठ. एकाच झटक्यात प्लग आत आणि मूठ खालून वर.

बल्ब लाल झाले. पंख्याची पाती दिसायला लागली. मशीन इतकं खाली गेलं की त्याची एकेक धडक मोजता येत होती. मी मोजल्या. चार. चौथीनंतर मला वाटलं संपलं. मग आतलं ते मिलिटरीचं जड चाक फिरत राहिलं, पाचवी धडक आली, सहावी आली, आवाज चढला, बल्ब पिवळे, बल्ब पांढरे. टाकीत पाणी पडायला लागलं. फ्रिज घुं करत होता. मावशी दारातून बाहेर डोकावल्या आणि खाली जमलेल्यांना म्हणाल्या, "चाललं! समदं चाललं!"

खाली काय आरडाओरडा झाला तो मला नीट आठवत नाही. चुलत्यांनी काठी वर केलेली आठवते. शेठ स्वतः बसमध्ये आले, फ्रिज उघडून त्यातली थंड सरबताची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमचा भाव," ते म्हणाले. "एक पैसा कमी नाही."

मी बाटली घेतली, पण प्यालो नाही. "शेठ, परवा तुम्ही शंभर रुपये कमी करा म्हणत होता ना?"

"हो."

"करतो कमी. पण यांनी एक वाक्य बोलायचं. वास्तुशांतीला दिवे गेले, त्यात मशीनचा दोष नव्हता. कारंज्याच्या पंपाची उचल मोठी असते हे मला सांगायचं राहिलं. एवढंच."

शेठनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ते हसायला लागले. ते व्यापारी होते, त्यांना हा सौदा फार आवडला. ते कॉन्ट्रॅक्टरकडं वळले. "साहेब, तुमच्या एका वाक्याचे शंभर रुपये. मला असा भाव कुणी दिला नाही. बोला."

कॉन्ट्रॅक्टरनं खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "आता ते जुनं..."

"जुनं नाही," मी म्हणालो. "तीन वर्षं रोज नवं होतंय."

शेठाणी म्हणाल्या, "बोला ना साहेब. खरं असेल तर बोलायला काय जातं?"

तो हळू आवाजात, खाली पाहत म्हणाला, "त्या दिवशी दोष यांच्या मशीनचा नव्हता. पंपाचं मी आधी सांगायला हवं होतं."

"मोठ्यानं," मी म्हणालो. "चुलत्यांना कमी ऐकू येतं."

चुलत्यांना चांगलं ऐकू येत होतं. पण ते शहाणे, त्यांनी लगेच कानामागं हात धरला.

तो पुन्हा म्हणाला, या वेळी सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. नंतर तो मोटारीत बसला आणि निघून गेला. मी सरबत प्यालो.

त्या पावसाळ्याआधी मला सात बंगल्यांची कामं आली. चाकांचा बंगला पुढं अनेक वर्षं पवनेच्या काठाला, कार्ल्याच्या खाली, अगदी भीमाशंकरच्या वाटेपर्यंत फिरला आणि त्या मशीननं शेठाणींना एकदाही अंधारात बसवलं नाही. लोक म्हणतात की एवढं मिळाल्यावर मनात काही ठेवू नये. मी प्रयत्न करतो. पण त्या दिवशी मी त्याच्याकडून ते वाक्य दोनदाच म्हणवून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणवलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.